वॉलाय कधी चढतो? तारीख विचारू नका, पाणी बघा

फेब्रुवारी संपत आला की डेट्रॉइटच्या आसपासची आपली मंडळी मला मेसेज करायला लागतात. ताई, यंदा वॉलाय मासा अंडी घालायला नदीत कधी चढणार? कुठला शनिवार धरू? मुलांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये बसेल का? प्रश्न रास्तच आहे, कारण आमच्या मिशिगनमधल्या कँटनहून ओहायोतल्या मॉमी नदीवर जायचं म्हणजे तासभर गाडी, वर दुसऱ्या राज्याचं लायसन्स, आणि मार्चच्या थंडीत मांडीएवढ्या पाण्यात उभं राहायचं, एवढं सगळं करून नदीत मासाच नसेल तर माणूस वैतागणारच. तरी मी तारीख देत नाही. फार तर एवढं सांगते की मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य, आणि त्यातला नेमका आठवडा कुठला ते नदीला विचारायचं. कसं विचारायचं ते आज नीट लिहून काढतेय.

ज्यांना मासाच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वॉलाय हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, लांबट, पाठ सोनेरी-हिरवट, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग, तोंडात चांगले अणकुचीदार दात, आणि डोळे मोठे, काचेचे बसवल्यासारखे. डोळ्याच्या मागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो त्यामुळे अंधारात आणि गढूळ पाण्यात याला इतरांपेक्षा बरंच जास्त दिसतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. खायला म्हणाल तर पांढरं, घट्ट, जवळजवळ वास नसलेलं मांस. आलं-लसूण, हळद, मसाला, कोकमाचं आगळ लावून रवा फ्राय केला तर आपल्याकडचे पाहुणे विचारतात हा कुठला समुद्रातला.

लेक ईरी हे याचं मोठं घर. ग्रेट लेक्सपैकी सगळ्यात उथळ तलाव हा, आणि त्याचा पश्चिमेकडचा भाग तर सरासरी 24 फूटच खोल आहे, म्हणून तो लवकर तापतो आणि त्यात खायला भरपूर. तलावाकाठचं पोर्ट क्लिंटन गाव स्वतःला जगाची वॉलाय राजधानी म्हणवून घेतं, थर्टीफर्स्टच्या रात्री बाराला तिथे फायबरग्लासचा प्रचंड मोठा वॉलाय क्रेनने खाली उतरवतात आणि लोक कडाक्याच्या थंडीत टाळ्या पिटतात. हे वैभव कायमचं नव्हतं. 1970 साली माशांमध्ये पारा सापडला म्हणून इथली वॉलायची मासेमारी बंद करावी लागली होती, आधीच्या बेसुमार मासेमारीने आणि घाण पाण्याने मासा तसाही रोडावला होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो परत उभा राहिला. आत्ता आपण जे मासे बघतो ते त्या सुधारणेमुळे आहेत, त्यामुळे मला या माशाबद्दल कुणी बेफिकिरीने बोललेलं आवडत नाही.

तर हिवाळा संपता संपता या तलावातले लाखो मासे अंडी घालायला निघतात. काही तलावातच, पश्चिम भागातल्या रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकाळ उंचवट्यांवर घालतात. काही सँडस्की नदीत जातात, काही डेट्रॉइट नदीत, आणि मोठा लोंढा मॉमीत शिरतो. मॉमी म्हणजे इंडियानातल्या फोर्ट वेनला सेंट जोसेफ आणि सेंट मेरीज या दोन नद्या एकत्र येतात तिथून सुरू होते आणि टोलेडोला तलावाला मिळते, ग्रेट लेक्सना मिळणाऱ्या सगळ्या नद्यांत हिचं पाणलोट क्षेत्र सगळ्यात मोठं. आजूबाजूला सगळी मका-सोयाबीनची सपाट शेती, त्यामुळे पाऊस झाला की पाणी चॉकलेटी. (2014 च्या ऑगस्टमध्ये टोलेडोच्या लाखो लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं होतं, तेही याच शेतातलं खत नदीवाटे तलावात जाऊन माजलेल्या शेवाळामुळे. नदी आणि मासा वेगळे काढताच येत नाहीत.)

मुखापासून साधारण 15 मैल वर, पेरिसबर्ग आणि मॉमी ही दोन गावं समोरासमोर आहेत तिथून नदीचा तळ बदलतो. खाली चिखल, वर चुनखडीचा खडक, गोटे, खडी आणि उथळ धावतं पाणी. वॉलायला नेमकं हेच पाहिजे. मग ऑर्लीन्स पार्क, फोर्ट मेग्ज, साइड कट पार्कातलं ब्लूग्रास आयलंड, बटनवुड, जेरोम रोड अशा जागा वर वर लागत जातात आणि मार्चच्या अखेरीस या सगळ्या जागी माणसांच्या रांगा दिसतात, खांद्याला खांदा लावून. फोर्ट मेग्ज म्हणजे 1813 साली ब्रिटिशांनी वेढा घातलेला किल्ला, वर तटबंदी आणि खाली वेडर्स, म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून पाण्यात उभी माणसं. मला ती जागा फार आवडते.

आता मुद्दा. मासा निघतो कशाने?

पहिली गोष्ट दिवसाची लांबी. हिवाळाभर मादीच्या पोटात गाबोळी तयार होत असते, आणि ती नीट पिकायला लांबलचक थंडी लागतेच लागते, पाणी 50 फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 सेल्सियसच्या खाली काही महिने राहायला हवं. फेब्रुवारीत दिवस मोठा व्हायला लागला की शरीराला कळतं वेळ जवळ आली. बर्फावर भोक पाडून मासे धरणारे लोक फेब्रुवारीतच सांगतात की माद्या टम्म आहेत. म्हणजे गाडी आधीच स्टेशनात उभी असते, फक्त सिग्नल पडायचा बाकी असतो.

तो सिग्नल म्हणजे पाण्याचं तापमान. बर्फ फुटून पाणी 38-40 फॅरनहाइटला आलं की नर आत यायला लागतात. 42 ते 52 च्या दरम्यान, म्हणजे साडेपाच ते अकरा सेल्सियसमध्ये, अंडी घालणं चालतं, आणि माझ्या मते 45 ते 50 हा खरा जोर. मॉमी उथळ आणि गढूळ आहे म्हणून ती तलावापेक्षा भराभर तापते, तीन-चार दिवस स्वच्छ ऊन पडलं आणि रात्री गोठणबिंदूच्या वर राहिल्या तर पाण्यात सरळ पाच-सहा डिग्रीचा फरक पडतो. आणि तितक्याच भराभर थंडही होते. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. फोनवर हवेचं तापमान 65 बघतात, टीशर्ट घालून निघतात, आणि पाणी 39 वर असतं कारण वरच्या शेतांतला बर्फ अजून वितळून येतोय. हवा वेगळी, पाणी वेगळं.

आणि तिसरी गोष्ट प्रवाह. पाणी नुसतं गरम होऊन उपयोग नाही, नदीला जोर पाहिजे. पाऊस आला, नदी फुगली, की त्या पाण्याच्या ओढीने तलावातून, खाडीतून माशांची मोठी लाट वर चढते, विशेषतः मोठ्या माद्या. कोरड्या मार्चमध्ये नदी बारीक असली तर नर येऊन बसतात पण माद्या खाली खोल पाण्यात थांबून राहतात आणि मग एक चांगला पाऊस पडला की दोन दिवसांत चित्र पालटतं. म्हणजे मासे धरायला सगळ्यात वाईट दिवस, जेव्हा नदी चॉकलेटी होऊन धावतेय आणि कुणी पायही टाकू शकत नाही, तोच माशासाठी सगळ्यात चांगला असतो. पाणी उतरायला लागलं, थोडं निवळलं, ती वेळ आपली.

म्हणून मी काय करते ते सांगते. मार्चच्या सुरुवातीपासून रोज सकाळी चहा घेताना नदीकाठच्या वॉटरविल गावाजवळचं सरकारी गेज बघते, तिथे नदीची पातळी आणि किती पाणी वाहतंय ते दिसतं, चढती रेघ आहे का उतरती हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. मग फोर्ट वेनकडचा पाऊस, कारण तिकडे पडलेलं पाणी पेरिसबर्गला पोचायला वेळ लागतो, टोलेडोत लख्ख ऊन असताना नदी चढू शकते. मग रात्रीचं तापमान. दुपारचं मी बघतही नाही, रात्री जर परत उणे गेल्या तर दिवसाची कमाई सगळी जाते. आणि वारा. जोराचा नैर्ऋत्येचा वारा दिवसभर चालला तर तलावाचं पाणी पार पूर्वेच्या टोकाला, बफेलोच्या बाजूला ढकललं जातं आणि टोलेडोकडची पातळी दिसेल इतकी खाली जाते, उलट ईशान्येचा वारा पाणी इकडे लोटतो आणि नदीचं तोंड फुगतं.

नदीवर पोचलं की पहिलं काम थर्मामीटर. साधा, सुतळीला बांधलेला. काठाशी टाकू नका, काठाच्या गोट्यांवर ऊन पडलेलं असतं, तिथलं साचलेलं पाणी दोन-तीन डिग्री जास्त दाखवतं आणि आपण उगाच खूश होतो. गुडघाभर पाण्यात जाऊन वाहत्या धारेत दोन मिनिटं धरायचा, बोटं बधिर होतात, होऊ द्या. आणि सकाळी एकदा, दुपारी तीनला एकदा. सकाळी 43 आणि दुपारी 47 दिसलं तर समजा पाणी चढतंय, पुढचे दोन-तीन दिवस चांगले. सकाळी 46 आणि दुपारी पण 46, वर ढग आणि उत्तरेचा वारा, तर उद्या खाली येणार.

दुसरं थर्मामीटर म्हणजे हातात आलेला मासा. सुरुवातीला सगळे नर असतात, इथले लोक त्यांना जॅक म्हणतात, दीड-दोन पौंडाचे, कधी तीनचे. गळ सोडवताना पोटावर जरा दाब पडला की पांढरं दूध गळतं, वेडर्सवर, हातावर, सगळीकडे. हे दिसलं म्हणजे नर तयार आहेत आणि अजून आठवडे राहणार आहेत, कारण नर आला की मुक्काम ठोकतो. मादीचं तसं नसतं. ती येते, बरेचदा एका रात्रीत अंडी टाकून मोकळी होते, आणि परत तलावाकडे वळते. म्हणून दिवसाच्या पकडीत नरच जास्त दिसतात आणि लोकांना वाटतं माद्या आल्याच नाहीत. त्या येऊन गेलेल्याही असू शकतात. मादी हातात आली तर पोट बघा, फुगलेलं आणि टणक असेल तर वेळ आहे, मऊ झालं असेल आणि हलक्या दाबाने अंडी सुटत असतील तर आज-उद्याच, आणि रिकामं लोंबणारं, शेपटी खरचटलेली असेल तर काम झालंय. चार-पाच माद्या लागोपाठ रिकाम्या दिसल्या की मी मित्रमंडळींना कळवते की आता घाई करा, रन, म्हणजे माशांची ही चढण, उतरणीला लागलाय.

अंडी घालणं होतं रात्री. मगाशी डोळ्यांचं म्हटलं ना, ते यासाठी. दिवसा मासे जरा खोल डोहात, धारेच्या कडेला दबून असतात, अंधार पडला की फूट-दोन फूट पाण्यात खडीवर येतात. एका मादीच्या आजूबाजूला तीन-चार नर, सगळे एकमेकांना ढकलत वर येतात, मादी कुशीवर वळते, पाणी खळबळतं, आणि अंडी सुटतात. मोठ्या मादीत तीन-चार लाख अंडी असू शकतात, प्रत्येक जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. पाण्यात सुटल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत फळली तर फळली, नाहीतर वाया. मग ती खडीच्या फटींत पडतात, सुरुवातीला थोडी चिकट असतात, आणि आई-बाप निघून जातात. घरटं नाही, राखण नाही. ब्लूग्रासच्या वरच्या बाजूला एकदा गोटा उचलून बघितला होता, खालच्या बाजूला पिवळसर मोहरीएवढे दाणे चिकटलेले, तो परत जसाच्या तसा ठेवला आणि तेव्हापासून त्या खडीवरून चालताना मी पाय घासत चालत नाही, उचलून टाकते. तुम्हीही टाका.

पुढचं गणित परत तापमानाचंच. पाणी 40 च्या आसपास रेंगाळलं तर अंडी फुटायला साडेतीन आठवडे लागतात, 57 ला गेलं तर दहा दिवस. पिल्लू बाहेर येतं ते सेंटिमीटरभरही नसतं, पोहता जवळपास येतच नाही, प्रवाह नेईल तिकडे वाहत जातं. पोटात बलकाची शिदोरी थोड्या दिवसांची. तेवढ्यात ते वाहत तलावात पोचलं पाहिजे आणि तिथे त्याला खायला बारीक जलजीव असले पाहिजेत. मध्येच महापूर येऊन खडीवर गाळाचा थर बसला तर अंडी गुदमरतात. रीफवरच्या अंड्यांना वादळी लाटा उडवून लावतात. म्हणून सगळी वर्षं सारखी नसतात. 2003 ला जबरदस्त पिल्लं जगली आणि त्या एका वर्षाच्या माशांवर लोकांनी पुढे कितीतरी वर्षं मासेमारी केली, मग 2015, 2018, 2019, 2021 अशी चांगली वर्षं लागोपाठ आली. मधली काही वर्षं अगदी फुसकी गेली. वॉलाय दीर्घायुषी मासा आहे म्हणून चालून जातं.

वर्षावर्षातला फरक बघायचा असेल तर 2012 आणि 2014 शेजारी ठेवा. 2012 च्या मार्चमध्ये इथे उन्हाळ्यासारखी गरमी पडली होती, अमेरिकेच्या या सगळ्या पट्ट्यात मार्चचे उष्णतेचे विक्रम मोडले. 2014 च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्रेट लेक्सचा 92 टक्के पृष्ठभाग बर्फाखाली होता. तीच नदी, तोच मासा, तोच महिना, आणि पाण्याची स्थिती दोन वेगळ्या ऋतूंची. आता मला सांगा यात 'मार्चचा शेवटचा शनिवार' धरून काय करणार? अलीकडे कमी बर्फाचे हिवाळे जास्त येतायत, 2024 च्या फेब्रुवारीत तलावांवर बर्फच नव्हता म्हटलं तरी चालेल. मिनेसोटातल्या तलावांच्या जुन्या नोंदी तपासून 2010 मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की बर्फ एक दिवस लवकर वितळला की वॉलाय अर्धा ते एक दिवस लवकर अंडी घालतो. म्हणजे बर्फाच्या मागोमाग मासाही लवकर सरकतोय, पण प्रत्येक वेळी पूर्ण जुळवून घेतोच असं नाही. दिवसाची लांबी तर बदलत नाहीये ना, आणि पिल्लांचं खाणं वेगळ्याच वेळापत्रकाने तयार होतं. अंडी आणि खाणं यांची चुकामूक झाली तर नुसत्या माद्या भरपूर असून उपयोग नाही. मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते.

प्रत्येक नदीचं घड्याळही वेगळं. डेट्रॉइट नदी आमच्या घराजवळ, पण तिचं पाणी वरच्या लेक ह्युरनकडून येतं, खोल आणि थंड, म्हणून तिथला जोर मॉमीच्या नंतर, एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, आणि तिथे बोट पाहिजे. सँडस्कीवर फ्रीमाँटला मासा मॉमीच्याच सुमाराला येतो, तिथे बॉलव्हिल नावाचं जुनं धरण होतं, ते 2018 मध्ये काढलं आणि वरचा वीसेक मैलांचा पट्टा माशांना मोकळा झाला. विस्कॉन्सिनमध्ये वुल्फ नदीवर तर अजूनच निराळं, तिथले वॉलाय लेक विनेबॅगोतून निघून शंभरेक मैलांपर्यंत वर जातात आणि खडीवर नाही, पुराचं पाणी शिरलेल्या दलदलीच्या गवतात अंडी घालतात. म्हणजे तिथे पूर वेळेवर आला नाही तर जागाच तयार होत नाही. मासा एकच, पण मॉमीचा अंदाज वुल्फला लावू नका.

मी मूळची रोह्याकडची. आमच्याकडे मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे फुगून शेतात पाणी शिरलं की वलगणीचे मासे चढतात, बाबा आणि काका बत्ती, पाग (फेकायचं जाळं) घेऊन रात्री बाहेर पडायचे आणि सकाळी घरात चिवणी, खवल, मळ्ये असं काय काय असायचं, निम्म्याहून जास्त गाबोळीने भरलेलं. मॉमीवर पहिल्यांदा लोकांच्या रांगा बघितल्या तेव्हा मला लगेच वलगण आठवली. तिकडे सिग्नल पुराचा, इकडे तापमानाचा, बाकी ओढ तीच. फरक आहे तो हिशोबात. समुद्रात आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतात, पण ओढ्या-नाल्यांत चढणीला कोण किती धरतं याची कुठे नोंद होत नाही, आणि जुनी माणसं सांगतात की पूर्वीसारखे मासे आता चढत नाहीत. इथे दरवर्षी लेक ईरी कमिटी बसते, त्यात ओहायो, मिशिगन, ओंटारियो असे काठावरचे सगळे असतात, किती वॉलाय धरायचे ते ठरतं आणि वाटून घेतलं जातं. तरीही मिनेसोटासारख्या राज्यात अंडी घालण्याच्या काळात तलावांवर वॉलायला बंदीच असते, मेच्या मध्यापर्यंत, आणि ओहायोत उघड परवानगी. इथल्या तज्ज्ञांचं म्हणणं असं की मासा एप्रिलमध्ये धरला काय आणि जुलैमध्ये धरला काय, एकूण आकडा मर्यादेत असला की झालं. आकडेवारीने ते बरोबर असेल. मी मात्र मोठी, गाबोळीवाली मादी सोडते. घरी न्यायला दोन-तीन पौंडाचे जॅक पुरतात, चवीलाही तेच बरे, आणि ज्या मादीने एवढं अंतर कापलंय तिला तिचं काम करू द्यावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या ओढ्यांवरही वलगणीच्या पहिल्या दोन-तीन रात्री गावाने ठरवून सोडल्या तर किती बरं होईल.

नियम थोडक्यात, कारण आपले लोक यात अडकतात. ओहायोचं लायसन्स लागतंच, मिशिगनचं चालत नाही. 1 मार्च ते 1 मे मॉमीच्या या पट्ट्यात सूर्योदय ते सूर्यास्तच गरवायचं. एकच गळ, तोही लहान, तीन टोकांचा गळ चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गळ तोंडाच्या आत लागलेला असेल तरच मासा तुमचा, पाठीला, पोटाला, शेपटीला अडकला तर सोडायचाच. एवढी गर्दी असताना असं अडकणं सारखं होतं आणि नियम तपासणारे सरकारी वॉर्डन लोक काठावर उभे राहून बघत असतात. 15 इंचांच्या खालचा ठेवायचा नाही, दिवसाला माणशी सहा. आकडे बदलू शकतात, निघायच्या आधी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा.

सामान साधं. दोऱ्याला शिसं, त्याच्यापुढे दीड-दोन फुटांचा वेगळा दोरा आणि टोकाला तरंगणारं जिग, म्हणजे गळ बसवलेला छोटा गोळा, त्याला रबराची पिळदार शेपटी. शिसं किती वजनाचं हे पाण्याच्या जोरावर. वरच्या बाजूला तिरकं फेकायचं आणि धारेबरोबर येऊ द्यायचं, शिसं गोट्यांवर टक-टक-टक करत आलं पाहिजे. टक-टक थांबली तर शिसं जड आहे, टक-टकच लागली नाही तर हलकं. मधेच दोरा नुसता जड झाला, कुणीतरी ओला टॉवेल लावल्यासारखा, तो मासा. रंगाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात, मला वाटतं गढूळ पाण्यात भडक आणि निवळ पाण्यात फिका, बस. चंद्राचंही सांगतात, पौर्णिमेला जोर असतो वगैरे, मला तापमानापुढे त्याचा फरक दिसलेला नाही.

आणि पाण्याला घाबरा. ब्लूग्रासवर जाताना जे पाणी पोटरीएवढं असतं ते वर पाऊस झाला तर संध्याकाळपर्यंत कमरेला येतं आणि माणसं तिथे अडकतात, दरवर्षी कुणाला ना कुणाला बोटीने काढावं लागतं. वेडर्सवर कमरेचा पट्टा घट्ट पाहिजे, लाइफ जॅकेट घाला, हातात काठी, आणि एक ठरावीक गोटा डोळ्यांसमोर ठेवा, तो बुडाला की निघा, अजून एक मासा वगैरे काही नाही. 45 डिग्रीच्या पाण्यात पडलात तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. मुलांना आणलंत तर ऑर्लीन्स पार्कच्या काठावरूनच, पाण्यात नाही.

ज्यांचा एप्रिल हुकला त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. वॉलाय उतरला की एप्रिलच्या अखेरीपासून मेभर त्याच नदीत, त्याच जागी व्हाइट बास चढतो, तोही अंडी घालायलाच, त्याला पाणी 55 च्या वर लागतं. मासा लहान पण संख्या भरपूर, काठावरून लागतो, हवा छान असते, मुलं दिवसभर रमतात. त्याचं मांस जरा गडद आणि वासाचं, मधली लाल पट्टी काढून टाकायची आणि कालवण तिखट करायचं.